शनिवारचा घरभेदी

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र आलं की लोक आधी बसून घेतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

बातमी तुझ्या लेकीची आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर 'घरभेदी' नावाचा कार्यक्रम सुरू होतोय आणि त्यात आपली खारू आहे. मालिका नाही, स्पर्धा आहे. दहा माणसं एका बंद पडलेल्या कारखान्यात नेऊन ठेवलीत. दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून एक काम करायचं. त्यातल्या एकाला मात्र गुपचूप सांगितलेलं असतं, की तू काम बिघडवायचं आणि सापडायचं नाही. तो घरभेदी. शेवटी प्रत्येकानं आपला संशय ज्याच्यावर आहे त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, तो घरी. आठ आठवडे घरभेदी टिकला तर तो जिंकला, नाहीतर उरलेले.

चित्रीकरण सगळं होऊन गेलंय. खारू दीड महिना ऑफिसच्या कामाला म्हणून गेली होती ना, ती तिकडे गेली होती. आता परत माझ्या वरच्या खोलीत राहते, पण कागदावर सही करून दिली आहे म्हणे, त्यामुळे काय झालं ते मलाही सांगत नाही. मी कवळ्या बनवणारी बाई, लोकांना तोंड उघडायला लावण्यात जन्म गेला, पण हिचं काही उघडेना.

तुम्हा दोघांचं बोलणं बंद होऊन जूनमध्ये चार वर्षं होतील. त्यात मी पडत नाही. पण कार्यक्रम बघ. फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुझ्यापर्यंत काही पोचत नाही, म्हणून असं करू. तू चित्र बघ, कोण काय बोललं ते मी लिहून पाठवते.

तुझी,
बारकी

९ फेब्रुवारी

बारके,

टीव्ही कपाटामागून काढला. तुझी वहिनी गेल्यापासून बंदच होता, पण लागला. आवाज शेवटपर्यंत वाढवला तेव्हा मला लांब कुठेतरी मोटर चालल्यासारखं वाटलं, आणि शेजारी खिडकीत येऊन दोन्ही हात हलवायला लागला. मग आवाज बंदच करून टाकला. तीस वर्षं मशीनच्या करवतीशेजारी उभा राहिलो, त्याची ही बक्षिसी.

पोरगी वाळली आहे. केस कापलेत. हे तू मला कळवलं नाहीस.

पडद्यापासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसलो होतो. ती दिसली की मी उठून उभा राहायचो. का ते विचारू नकोस, मलाही कळलं नाही. गेल्या आठवड्यात माझ्याकडे बघून दोनच माणसं बोलली, एक दूधवाला आणि एक मीटर बघायला आलेला. त्यामुळे एकदम दहा माणसं घरात आल्यासारखं झालं.

त्या सगळ्यांना लांब टेबल करायचं होतं. खारूनं करवत उचलली तेव्हा तो कोटवाला निवेदक तिला काहीतरी म्हणाला, सगळे हसले, ती हसली नाही. मग तीही काहीतरी म्हणाली आणि खाली बघितलं. काय म्हणाला तो? ती काय म्हणाली? शब्दाला शब्द लिही.

दादा

१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणाचं पत्र? म्हटलं, भावाचं. त्या म्हणाल्या, तुम्हाला भाऊ आहे? बघ म्हणजे.

आता निवेदक. तो म्हणाला, "तू तर सुताराची मुलगी, हे म्हणजे तुझ्या हातचा मळ!" आणि खारू म्हणाली, "सुताराच्या घरात वाढले खरी." एवढंच.

काल दुसरा भाग झाला. पहिल्या आठवड्यात बसचालक घरी गेला होता, काल पोहायला शिकवणारा गेला. दोघांपैकी कोणीही घरभेदी नव्हता. माझा संशय गणिताच्या मास्तरांवर आहे. हसताना त्यांचे फक्त खालचे दात दिसतात. पस्तीस वर्षं दात बघतेय, असं हसणारा माणूस काहीतरी दाबून ठेवतो. ती नर्स मात्र मला फार आवडली. सगळ्यांना पाणी देते, कोणाला लागलं की पट्टी बांधते. हसू कसं स्वच्छ आहे!

खारू काही बघत नाही. शनिवारी सात वाजायला आले की चपला घालते आणि चालायला जाते. आठ वाजून गेले की येते, "जेवलीस का आत्या?" म्हणते आणि वर जाते. मी एकटीच टीव्हीसमोर बसून मास्तरांना शिव्या देते. तूही तिकडे असाच बसला असशील, असा विचार करते.

टेबलाचं काय झालं ते तू बघितलंसच. तुझ्यासारख्या माणसाला ते बघवलं कसं?

तुझी,
बारकी

२३ फेब्रुवारी

बारके,

मास्तरांना सोड. मला घरभेदी सापडला.

दार लावून घे आणि मग वाच. आपली खारू आहे.

आधी टेबल. चारही पाय तिनं मापले आणि चौथा बोटभर आखूड कापला. दुसऱ्या आठवड्यात शिडी होती, तिसऱ्यात काल ते मोठं खोकं. प्रत्येक वेळी तिनं केलेला सांधाच उघडतो. बाकीच्यांना वाटतं पोरीला येत नाही. मला माहीत आहे ना येतं की नाही ते! मी शिकवलंय तिला. करवत कशी धरायची, रंधा कसा ढकलायचा, गुण्या लावल्याशिवाय रेघ मारायची नाही. मुलगी म्हणून कधी फरक केला नाही, हे मी तेव्हाही सगळ्यांना छातीठोक सांगायचो.

आणि काय नाटक करते! अंगठा पात्याच्या वाटेत ठेवते, जसा पहिल्यांदा करवत धरणारा माणूस ठेवतो. मध्येच करवत अडकवते. बिचकते. अगदी खरं वाटतं. सगळ्या देशात हे ओळखणारा मी एकटाच आहे, बारके. काल मी जोरात हसलो, निदान हसल्यासारखं छातीत तरी झालं. शेजाऱ्याला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. गुपित फुटलं तर?

काळजी एवढीच आहे की ती जरा जास्तच उघड बिघडवते. मास्तर तिच्याकडे फार बघतात. ते तिच्याबद्दल काय बोलले ते लिही.

ती जिंकली तर मला भेटायला येईल का? तुला काय वाटतं?

दादा

२ मार्च

प्रिय दादा,

तू म्हणतोस तसं असेलही. मला खरंच माहीत नाही, ती काही बोलत नाही आणि तिनं बोलायचंही नाहीये. पण दादा, एवढं नक्की धरून चालू नकोस. टीव्हीवर सगळं तुकडे जोडून दाखवतात.

मास्तर म्हणाले, "तिच्या हातातलं प्रत्येक काम बिघडतं, हा योगायोग नाही." नर्स म्हणाली, "नका हो असं म्हणू, घाबरते ती." काल ड्रायक्लीनिंगवाला गेला. तोही साधाच निघाला.

ती भेटायला येईल का, ते मला विचारू नकोस. तुझ्या वर्कशॉपवरून तुमचं जे झालं त्यानंतर मी एकदाच तिच्याजवळ तुझं नाव काढलं होतं. ताटातलं तसंच ठेवून उठली. तू वर्कशॉप तुझ्या साथीदाराच्या हवाली केलंस, तो माणूस चांगला आहे, बावीस वर्षं तुझ्याकडे राबला, सगळं कबूल. पण तिला एका शब्दानं विचारलं नाहीस. "मला हवं होतं का, एवढं तरी विचारायचं" असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि तू म्हणालास की तुला हवं असतं तर ऑफिसात कशाला गेली असतीस. बास, यात मी पडत नाही म्हटलं आणि पडलेच.

या आठवड्यात एका बाईंची कवळी तीनदा परत आली. म्हणतात, ही माझ्या तोंडासारखी वाटत नाही. मी म्हटलं, बाई, तुमचं तोंडच आता पहिल्यासारखं नाही. घरी आल्यावर वाईट वाटलं, बोलायला नको होतं.

पत्र लवकर टाक. गुरुवारी आलं की शनिवारपर्यंत दोनतीनदा वाचून होतं.

तुझी,
बारकी

९ मार्च

बारके,

सोबत एक बंद पाकीट आहे. खारूच्या हातात दे. उघडू नकोस, नाक खुपसू नकोस. चार वर्षांत पहिल्यांदा लिहितोय, सहा कागद फाडून झाले.

काल तिला पाच चिठ्ठ्या पडता पडता राहिल्या. मी स्टुलावरून उठून पडद्यावर हात ठेवला होता. तिनं टिकलं पाहिजे.

दादा

(सोबतच्या पाकिटातलं पत्र)

खारू,

मी सगळे भाग बघतो. मला ऐकू येत नाही, पण हात दिसतात.

कोणाला सांगणार नाही, पण मी ओळखलंय. वाकडं कापायला आधी सरळ कापता यावं लागतं. इतकं बेमालूम वाकडं मलाही कापता येणार नाही. शिडीचा सांधा तर असा केलास, की मी पाच मिनिटं हसत होतो. चांगल्या कारागिरानं वाईट काम करून दाखवणं सगळ्यात अवघड असतं. तू ते करतेस, आणि कोणाच्या हाताखाली शिकलीस हे मला एकट्याला माहीत आहे.

वर्कशॉपचं झालं ते झालं. तुला शिकवलेलं वाया गेलं, असं मी चार वर्षं धरून बसलो होतो. आता नाही. मला तुझा अभिमान वाटतो, हे आधी लिहायला हवं होतं.

जिंकलीस की ये.

बाबा

१७ मार्च

दादा,

या वेळी मी एकही शब्द गाळणार नाही. गाळल्याचं पाप पुरे झालं.

तू शनिवारचा भाग बघितलास. तराफा उलटला, सगळे पाण्यात पडले, आणि पाचांपैकी चार चिठ्ठ्या खारूच्या नावाच्या निघाल्या. ती दारात उभी राहून बराच वेळ बोलत होती, ते तू नुसतं बघितलंस. ती काय बोलली ते असं:

"मी घरभेदी नाही. मला हे काम येत नाही, एवढंच आहे. सुताराच्या मुलीला येत नसेल, यावर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम बिघडवते. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

पहिल्या दिवशी तिनं सांगितलंच होतं, दादा. तू मला शब्दाला शब्द लिही म्हणालास आणि मी अर्धंच लिहिलं. ती म्हणाली होती, "सुताराच्या घरात वाढले खरी, पण करवतीला मी कधी हात लावला नाही. मला लावू दिला नाही." 'पण'पासून पुढचं सगळं मी खाल्लं. वाटलं, चार वर्षांनी तू तिच्याकडे बघायला लागला आहेस, त्यात हे कशाला घालायचं.

आणि मग तू तुझा तर्क लढवलास आणि मी गप्प बसले. मला माहीत होतं, दादा. मी सुट्टीत तुझ्याकडे येऊन राहायचे तेव्हा खारू वर्कशॉपच्या दाराशी खुर्चीत बसलेली असायची. कधीमधी फळीचं दुसरं टोक धरायला तू तिला बोलवायचास. हत्यार तिच्या हातात मी एकदाही पाहिलं नाही.

तुझं पाकीट मी तिला गुरुवारीच दिलं. ती जिन्यातच उभी राहून वाचत होती. आधी हसली. मग पुन्हा वरपासून वाचलं. मग मला विचारलं, "आत्या, मी काय बोलले ते तू बाबांना कळवलं नाहीस?" ती म्हणाली, "त्यांना खरंच वाटतं, की त्यांनी मला शिकवलं." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी ती चालायला गेली नाही. माझ्याशेजारी बसून तिनं स्वतःला बाहेर जाताना बघितलं.

माझं चुकलं.

बारकी

२२ मार्च

तुला मी कान म्हणून धरलं होतं. तू मला होतो त्याहून बहिरं केलंस. माझं ते पत्र तिच्या हातात पडलं ते तुझ्यामुळे. दहा माणसांत घरभेदी शोधत बसलो, आणि तो माझ्याच पत्राच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

आणि ती खोटं बोलते. मी तिला शिकवलं. माझ्या लक्षात आहे.

आता लिहू नकोस.

३० मार्च

प्रिय दादा,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. न उघडता ठेवलंस तरी चालेल.

काल शेवटचा भाग झाला. नर्स घरभेदी निघाली. ती पाणी देणारी, पट्ट्या बांधणारी, माझी लाडकी. तराफ्याच्या दोऱ्या तिनंच सैल केल्या होत्या, तेही खारूनं बांधलेल्या बाजूच्या, म्हणजे स्वतःवर संशय नको. गणिताचे मास्तर बिचारे रडले. खालचे दात तेवढे दिसतात कारण वरचे पडलेत, दुसरं काही नाही. माझ्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं झालं.

मी शब्द का गाळले ते तुला खरं सांगितलं नाही. तुमचं भलं व्हावं म्हणून, हे अर्धंच कारण आहे. फेब्रुवारीच्या आधी तुझं माझं पत्र म्हणजे वर्षाला एक, तब्येत बरी आहे, इतकंच. मग दर गुरुवारी पाकीट यायला लागलं. मी जेवणाच्या सुट्टीची वाट बघायला लागले. तुला ते वाक्य कळलं असतं तर तू टीव्ही पुन्हा कपाटामागे लोटला असतास आणि पत्रं बंद झाली असती. मला ती बंद व्हायला नको होती. साठी उलटलेल्या बाईनं असं कबूल करणं बरं दिसत नाही, पण असं आहे.

खारू कामावर जाते, येते. तुझं पत्र तिनं फाडलेलं नाही. उशाशी ठेवलेलं नाही, तसंही काही समजू नकोस. खिडकीत पडलं आहे.

तुझी,
बारकी

१३ एप्रिल

बारके,

तुझं पत्र उघडलं. उघडायला आठवडा लागला.

शेवटचा भाग मीही बघितला. नर्स पुढे आली, बाकीच्यांनी तोंडावर हात घेतले, मास्तर रडले. मला वाटलं कोणी वारलं की काय. मग पडदा काळा झाला. पुढच्या शनिवारी सात वाजता काय करायचं तेही कळेना.

माझ्या मनात होतं, की साक्षीदार आणावा आणि तुम्हा दोघींना खोटं पाडावं. म्हणून वर्कशॉपवर गेलो. सत्तेचाळीस पायऱ्या आहेत, चार वर्षांत चढलो नव्हतो. माझा साथीदार आता पुरता पांढरा झालाय. त्यानं मशीन बंद केली, खुर्ची पुसून दिली. मी विचारलं, "खारूला मी करवत शिकवली की नाही? तू सांग." माझ्याशी बोलायचं तर लिहावं लागतं, म्हणून त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि एका फळकुटावर लिहिलं, "मला शिकवलीत. ती बघायची."

मी म्हटलं, नीट आठव. त्यानं खाली लिहिलं, "ती खुर्चीवरून उतरली की तुम्ही ओरडायचात. बोट गेलं तेव्हापासून."

बारके, मला तेव्हा आठवलं. माझ्या डाव्या हाताचं एक बोट पेरापासून गेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि माझ्याजवळ उभी होती. तिच्या फ्रॉकवर रक्त उडालं. त्यानंतर तिला मशीनजवळ बघितलं की मी हातातलं टाकून धावायचो. तिची बोटं पाहायचो, दहा आहेत ना. म्हणून खुर्ची. मनात मात्र रोज तिला शिकवत होतो, उद्या शिकवू, जरा मोठी झाली की शिकवू. इतकी वर्षं मनात शिकवलं, की शिकवल्यासारखंच वाटायला लागलं. मग तिनं ऑफिसात नोकरी धरली, तेव्हा मी तिच्यावरच रागावलो. शिकवलेलं फुकट घालवलं म्हणून!

तो पाणी आणायला गेला तेवढ्यात निघून आलो.

तुला घालूनपाडून बोललो ते विसर. तू शब्द गाळले नसतेस तर मी तिला ते पत्र लिहिलं नसतं, हे खरं. पण कुठलंच लिहिलं नसतं, हेही खरं.

खारूला मी वेगळं पत्र टाकलंय, सरळ तिच्या नावानं. तुझ्याकडून पाठवलं नाही. या वेळी मधे कोणी नको होतं. राग मानू नकोस.

दादा

२२ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. "मी तुला शिकवलं नाही" असं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत. ती ओळ वाचून मी पुढचं संध्याकाळी वाचलं.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुमचं बोट कापलं तेव्हा मी तुम्हाला हाक मारली होती. मला काहीतरी दाखवायचं होतं, काय ते आता आठवत नाही. तुम्ही मान वळवलीत आणि ते झालं. दुसऱ्या दिवसापासून मला खुर्ची मिळाली. मला वाटलं ती शिक्षा आहे. कोणी तसं म्हणालं नाही, पण माझ्या मनानं तसं घेतलं. मोठी झाल्यावरही मी कधी म्हटलं नाही, की मला शिकवा. म्हणायची हिंमत नव्हती. आणि तुम्ही वर्कशॉप दुसऱ्याला दिलंत तेव्हा मला वाटलं, चला, शिक्षा पूर्ण झाली.

तुम्ही भीतीनं दूर ठेवलंत, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. बरं वाटलं. रागही आला. दोन्ही अजून आहेत.

त्या कारखान्यात सगळ्यांना वाटलं मी लबाड आहे. तुम्हाला वाटलं मी कसबी आहे. ते पहिलं पत्र वाचून मला हसू आलं, कारण मी इतकं वाईट काम करत होते आणि कोणीतरी पडद्याला नाक लावून त्याचं कौतुक करत होतं. ते कौतुक माझं नव्हतं. तरी तुमच्या तोंडून ते तसं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून पत्र टाकून देता आलं नाही.

सध्या मी येणार नाही. आल्यावर आपण दोघं काय करणार, तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला समोर बसून बोलता येत नाही. पण लिहा. आत्याच्या पाकिटात घालून नको, माझ्या नावानं लिहा. मी उत्तर देईन. उशीर झाला तर ऑफिसमुळे झाला असं समजा, दुसरं काही मनात आणू नका.

मास्तर मला फोन करतात. माफी मागतात सारखी.

खारू

११ मे

प्रिय दादा,

तीन पत्रं आली तुझी महिनाभरात, तिन्ही खारूच्या नावाची. पोस्टमन आता माझ्या दाराशी थांबत नाही, सरळ जिना चढतो. परवा मी दार उघडून उभी राहिले तर म्हणाला, "तुमचं नाही आज." मी म्हटलं, माहीत आहे, हवा खायला उभी आहे.

मला आनंद झालाय, यात खोट काढू नकोस. काल ती जिना उतरताना स्वतःशीच हसत होती आणि हातात तुझं पाकीट होतं. मी विचारलं नाही काय लिहिलंय ते. पूर्वी विचारलं असतं, आणि मग तुला अर्धंमुर्धं कळवलंही असतं. आता तुमचं तुम्ही बघता. तीन महिने मी हेच व्हावं म्हणून धडपडले, आणि झालं.

शनिवारी सात वाजता दुसरा कुठला तरी कार्यक्रम लागतो, गाण्याचा. मी लावून बसते. त्यात कोणी कोणाला फसवत नाही, त्यामुळे लक्ष लागत नाही. खारू आता शनिवारी मैत्रिणींकडे जाते, जावंच तिनं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भाऊ बरे आहेत ना, पत्र दिसलं नाही? मी म्हटलं, मजेत आहे, लेकीला लिहितो. त्या म्हणाल्या, वा, छान. मीही म्हटलं, हो, छान.

मला लिहायला तुझ्याकडे विषय उरला नसेल, हे मला कळतं. माझ्याकडेही नाही. हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा त्यात कोणाची तरी बातमी घालायला गेले, म्हणजे तुला उत्तर द्यावं लागेल. मग सगळं खोडलं. बातमी काही नाही, दादा. मला करमत नाही. लिही.

तुझी,
बारकी